जुन्या भावांची झाडाझडती

एखादी ट्रेडिंग पद्धत जुन्या भावांवर तपासायची म्हटली की सगळं लक्ष नियमांवर जातं: कुठे घ्यायचं, कुठे विकायचं, स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायची पातळी, किती ठेवायचा. ज्या भावांच्या जोरावर हे तपासायचं ते भाव कुठून आले, कुणी नोंदवले, मागाहून त्यांना कुणी हात लावला, हे विचारायचं राहून जातं. माझी पद्धत साधी होती. जोरात आपटलेला शेअर घ्यायचा आणि उसळी आली की सोडायचा. अशा पद्धतीला खराब डेटा फार मानवतो. फाइलीत चुकून पडलेला खोटा खड्डा तिला स्वस्तातली खरेदी वाटतो आणि दुसऱ्या दिवशी भाव जागेवर आला की तोच नफा म्हणून जमा होतो. म्हणून ठरवलं, आधी डेटा तपासायचा, मगच बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवरची ही चाचणी, चालवायची. त्यासाठी अमेरिकी शेअर्सचे रोजचे भाव घेतले. तिथला इतिहास लांबलचक आहे आणि भानगडीच्या दिवसांची अधिकृत नोंदही मिळते.

डेटा दोन ठिकाणांहून आणला, एक विकतचा आणि एक फुकट मिळणारा. पहिली चाळणी अगदी सोपी ठेवली. प्रत्येक शेअरचा रोजचा टक्केवारीतला बदल काढायचा आणि सगळ्यात मोठे बदल वर येतील असा क्रम लावायचा. डेटातली बरीचशी घाण या एका कामात समोर येते. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने निदान एवढं तरी करावंच.

विकतच्या फाइलीत पहिल्याच झटक्यात ॲपल वर आला. शुक्रवार, २८ ऑगस्ट २०२०: बंद भाव ४९९.२३ डॉलर. सोमवार, ३१ ऑगस्ट: १२९.०४. म्हणजे एका दिवसात जवळपास ७४ टक्क्यांची घसरण, माझ्या पद्धतीसाठी तर सुवर्णसंधी. प्रत्यक्षात त्या सोमवारपासून एका शेअरचे चार झाले होते. ४९९.२३ ला चारने भागलं की १२४.८१ येतात, म्हणजे शेअर त्या दिवशी ३.४ टक्के वर होता. फुकटच्या फाइलीत शुक्रवारचा भाव १२४.८१ असाच होता, कारण तिथे स्प्लिट आधीच हिशोबात धरलेलं. एका फाइलीत कच्चा भाव, दुसरीत ॲडजस्ट केलेला. दोन्ही बरोबर, फक्त कुठल्या कामाला कुठला वापरायचा हे कळायला हवं.

बरेच जण इथे थांबतात. ॲडजस्ट केलेली फाइल घेतली की झालं, असं समजतात. खरा पेच तिथूनच सुरू होतो, आणि तो मी ॲपलवरच शेवटपर्यंत सोडवून पाहिला. ॲपलचा शेअर १२ डिसेंबर १९८० ला २२ डॉलरला बाजारात आला. त्यानंतर १९८७, २००० आणि २००५ मध्ये एकाचे दोन, २०१४ मध्ये एकाचे सात आणि २०२० मध्ये एकाचे चार झाले. हे सगळे आकडे गुणले की २२४ येतात. म्हणजे आजच्या ॲडजस्ट केलेल्या फाइलीत ते २२ डॉलर दहा सेंटहूनही कमी दिसतात.

माझ्या नियमांत एक अट होती: पाच डॉलरखालचे शेअर घ्यायचे नाहीत, कारण तिथे खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकातच सगळं खलास होतं. ॲडजस्ट केलेल्या भावांवर ही अट लावली तर ॲपल २००७ सालातले बरेच महिने उलटेपर्यंत बाहेर राहतो. बाजारात मात्र तो या काळात पाच डॉलरच्या आसपासही फिरकला नव्हता. सिटीग्रुप या बँकेचं नेमकं उलटं. ५ मार्च २००९ ला त्याचा भाव दिवसभरात एक डॉलरखाली गेला होता. मे २०११ मध्ये कंपनीने दहा शेअर्सचा एक केला, आणि आजच्या फाइलीत मार्च २००९ चा तो तळ दहा डॉलरच्या घरात दिसतो. माझ्या अटीतून तो बिनदिक्कत आत येतो.

म्हणजे ज्याचा शेअर पुढे अनेकदा फुटणार होता, अर्थात भरपूर वाढणार होता, तो बाहेर. आणि ज्याला पुढे भाव सावरायला शेअर एकत्र करावे लागणार होते तो आत. अट लिहिताना मी भविष्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. भविष्य भावांत आधीच शिरलेलं होतं. तेव्हापासून प्रत्येक आकड्याला मी एकच प्रश्न विचारतो: हा आकडा त्या दिवशी बाजारात बसलेल्या माणसाला दिसू शकला असता का? भावाची पातळी बघणारे सगळे नियम मी कच्च्या भावावर ठेवले आणि परतावा तेवढा ॲडजस्ट केलेल्या भावावर मोजला.

याच दहा सेंटमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. फुकटच्या फाइलीत भाव दोन दशांश स्थळांपर्यंतच दिलेले होते. दहा सेंटचे नऊ झाले की फाइल म्हणते दहा टक्के घसरण. त्या काळी भाव डॉलरच्या आठव्या भागाने सरकायचा. त्याला २२४ ने भागलं तर ती हालचाल एका सेंटच्या अठराव्या हिश्श्याएवढी भरते. म्हणजे दिवसेंदिवस भाव जागचा हलत नाही असं दिसतं आणि मग अचानक दहा टक्क्यांची उडी येते. अशा खोट्या उड्यांवर माझी पद्धत भराभर सौदे करत होती. जुन्या काळातला जबरदस्त नफा दिसला तर आधी दशांश स्थळं मोजावीत.

मग विकतच्या फाइलीतले कच्चे भाव खरोखर कच्चे आहेत का, ते पाहायला बसलो. यासाठी एक कसोटी आहे आणि ती मला फार आवडते. २००१ च्या आधी अमेरिकेत शेअरचे भाव अपूर्णांकात चालत. बराच काळ डॉलरचा आठवा भाग, १९९७ पासून सोळावा. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंज जानेवारी २००१ मध्ये पूर्णपणे दशांशावर गेलं, नॅसडॅक हा तिथला दुसरा मोठा शेअर बाजार त्याच वर्षी एप्रिलमध्ये. म्हणून १९९९ सालचा कच्चा भाव ३७.४३७५ असू शकतो, ३७.५ असू शकतो, पण ३७.४६ कुठल्याच हिशोबात बसत नाही. क्वचित बत्तिसावा भाग आढळतो, तेवढी सूट दिली आणि २००१ पूर्वीचा प्रत्येक भाव या चौकटीत बसतो का ते मोजून घेतलं.

बहुतेक शेअर्स बसले. थोडे मात्र एका विशिष्ट तारखेच्या मागे अजिबात बसेनात. त्या तारखा काढून पाहिल्या तर प्रत्येक ठिकाणी कंपनीतून दुसरी कंपनी वेगळी झालेली होती. उलगडा झाला: डेटा विकणाऱ्याकडे मूळ भाव नव्हतेच. ॲडजस्ट केलेल्या भावांना स्प्लिटने उलटं गुणून ‘कच्चे’ भाव तयार केले होते, आणि कंपनी वेगळी झाल्याचा हिशोब आतच राहून गेला होता. हा हिशोब लहानसहान नसतो. जुलै २०१५ मध्ये ईबेतून पेपाल वेगळी झाली तेव्हा ईबेचा भाव निम्म्याहून खाली आला, आणि ईबे धरून बसलेल्या माणसाच्या हातात मात्र दोन्ही कंपन्यांचे शेअर होते. मी तारखांसकट सगळ्या ओळी पाठवल्या. विकणाऱ्याने तपासून चूक मान्य केली आणि पुढच्या फाइलीत बरेच शेअर दुरुस्त होऊन आले. जे आले नाहीत ते मी त्या तारखेपर्यंत वगळले.

डिव्हिडंडबद्दल, म्हणजे लाभांशाबद्दल, थोडक्यात सांगतो. २००४ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने शेअरमागे तीन डॉलरचा खास डिव्हिडंड दिला. नोव्हेंबरमधल्या एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, भाव तिशीच्या जवळून साडेसत्तावीसच्या खाली आला. चार्टवर ती पडझड दिसते, पण धारकाचं त्यात काहीच गेलं नाही. हा हिशोब करायचा म्हणजे आधीचे सगळे भाव एका गुणकाने कमी करायचे. दर तिमाहीला नवा डिव्हिडंड आला की पूर्ण इतिहास पुन्हा बदलतो. त्यामुळे आज उतरवलेली फाइल आणि सहा महिन्यांनी उतरवलेली फाइल, दोन्हींत एकाच जुन्या दिवसाचा भाव वेगळा असतो. मी आता गुणक वेगळ्या तक्त्यात ठेवतो आणि कच्च्या भावांना हात लावत नाही.

यापुढचं काम सगळ्यात जड होतं: बंद पडलेल्या कंपन्या. फुकटच्या यादीत फक्त आज हयात असलेल्या कंपन्या होत्या. एन्रॉन नाही, लेहमन ब्रदर्स नाही. पडलेला शेअर घेणाऱ्या पद्धतीला याहून घातक काही नाही, कारण अशा यादीतला प्रत्येक पडलेला शेअर पुढे कसाबसा का होईना उठलेला असतो. उठला नसता तर यादीत राहिलाच नसता.

लेहमनची मी एकेक ओळ वाचली. ८ सप्टेंबर २००८, बंद भाव १४.१५ डॉलर. ९ तारखेला ७.७९. माझी पद्धत इथे खरेदी करते. पाच डॉलरची अटही पूर्ण होते. १० तारखेला ७.२५, ११ ला ४.२२, शुक्रवारी १२ ला ३.६५. सोमवारी, १५ सप्टेंबरला, दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि बंद भाव २१ सेंट. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजने त्यातले व्यवहार थांबवले आणि शेअर एक्सचेंजच्या बाहेर, सिम्बॉलच्या (शेअरच्या बाजारातल्या छोट्या नावाच्या) शेवटी क्यू लावून, सेंटांत फिरत राहिला. एक्सचेंजवरची फाइल तिथेच संपते. बॅकटेस्टला पुढचा दिवस सापडत नाही, विकायचा नियम लागूच होत नाही, आणि तो सौदा उघडाच राहतो किंवा निमूटपणे गळून पडतो. दोन्ही प्रकारांत तोटा पूर्ण नोंदला जात नाही.

हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर विद्यापीठांत मन लावून काम झालेलं आहे. शिकागो विद्यापीठात १९६० मध्ये मेरिल लिंच या दलाली कंपनीच्या पैशातून एक केंद्र उभं राहिलं, सीआरएसपी या नावाने ते ओळखलं जातं. जेम्स लोरी आणि लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजवरच्या शेअर्सचे १९२६ पासूनचे महिनाअखेरचे भाव गोळा केले, बंद पडलेल्या कंपन्यांसह. तरीही त्यात पोकळी होती. संशोधक टायलर शमवे यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की वाईट कारणाने यादीतून उडालेल्या अनेक शेअर्सचा शेवटचा परतावा तिथे नोंदलेलाच नाही. न्यूयॉर्क आणि अमेरिकन स्टॉक एक्सचेंजवरच्या अशा शेअर्ससाठी उणे ३० टक्के धरावेत, असं त्यांचं सुचवणं होतं. इतक्या काळजीने जमवलेल्या डेटाची ही स्थिती, तर स्वस्तात मिळणाऱ्या फाइलींकडून अपेक्षा बेतानेच ठेवावी.

मी प्रत्येक बंद शेअरचं कारण शोधून लिहिलं. विलीनीकरण असेल तर मिळालेली रोख किंवा शेअर धरले. दिवाळखोरी असेल तर एक्सचेंजबाहेरचा पहिला भाव. तोही नसेल तर शमवे यांचा आकडा. कंटाळवाणं काम आहे, कंपन्यांची जुनी निवेदनं उघडून वाचावी लागतात. पण माझ्या पद्धतीच्या निकालात सर्वात मोठा फरक यानेच पडला. पडत्या बाजारातली वर्षं, जी आधी सर्वोत्तम दिसत होती, ती सगळ्यात वाईट ठरली. पैसे लावण्याआधी हे कळलं, याचं मोल मला फार वाटतं.

नावांचा घोळ याच वेळी निस्तरला. सिम्बॉल ही कंपनीची कायमची ओळख नव्हे. सी हा सिम्बॉल १९९८ पर्यंत क्रायस्लरचा होता, नंतर सिटीग्रुपचा झाला. फेसबुकने ९ जून २०२२ पासून मेटा हा सिम्बॉल घेतला. त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो एका ईटीएफकडे, म्हणजे शेअरसारख्या खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाकडे, होता. नुसत्या सिम्बॉलवर भाव जोडले तर मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या शेपटाला बँक चिकटते. मी प्रत्येक कंपनीला स्वतःचा क्रमांक दिला आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठला सिम्बॉल, याचा वेगळा तक्ता केला.

आता खोट्या भावांकडे वळतो. खोटे म्हणजे सगळेच टायपिंगच्या चुका नसतात. ६ मे २०१० च्या फ्लॅश क्रॅशमध्ये, म्हणजे काही मिनिटांत बाजार कोसळून सावरला तेव्हा, काही शेअर्सचे सौदे एका सेंटला झाले आणि काहींचे एक लाख डॉलरला. चाळीस डॉलरच्या आसपास फिरणारा ॲक्सेंचर एका सेंटला गेला. एक्सचेंजेसनी नंतर दुपारी २.४० ते ३ या वेळेतले, आधीच्या भावापासून ६० टक्क्यांहून दूर झालेले सौदे रद्द केले; तीनशेहून अधिक सिक्युरिटीजमधले वीस हजारांवर सौदे त्यात गेले. माझ्या एका फाइलीत ॲक्सेंचरचा त्या दिवशीचा नीचांक ०.०१ होता, दुसरीत तो गाळलेला. इथे डोळे मिटून ‘साफ केलेली’ फाइल घेणं मला पटत नाही. कारण त्या दिवशी बाजारभावाच्या वीस टक्के खाली लावलेली खरेदीची ऑर्डर भरली गेली असती तर ती टिकली असती. ६० टक्क्यांपलीकडची टिकली नसती. म्हणजे खड्डा काही मर्यादेपर्यंत खरा होता. साफसफाई करणाऱ्याने पूर्ण खड्डा बुजवला तर खरे झालेले सौदेही त्यात गाडले जातात. मी त्या दिवशीचे नीचांक ६० टक्क्यांच्या रेषेशी आणून ठेवले आणि शेजारी शेरा लिहिला.

कॅलेंडरची तपासणी झटपट होते आणि खूप काही सांगून जाते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी शेअर बाजार थेट १७ तारखेला उघडला. सँडी वादळामुळे २९ आणि ३० ऑक्टोबर २०१२ ला बंद होता. १९६८ च्या उत्तरार्धात कागदपत्रांचा ढीग उपसायला अनेक बुधवारी सुट्टी असे. या तारखांना तुमच्या फाइलीत भाव असेल तर कुणीतरी आदल्या दिवशीचा भाव पुढे ओढून भरलेला आहे. फुकटच्या फाइलीत १२ सप्टेंबर २००१ ला भाव होते, शून्य व्हॉल्यूमसह, म्हणजे एकाही शेअरची खरेदी-विक्री नसताना. एका ठिकाणी असं भरलंय म्हणजे इतरत्रही भरलेलं असणार, म्हणून शून्य व्हॉल्यूम आणि चारही भाव (सुरुवातीचा, उच्चांक, नीचांक, बंद) सारखे असलेले सगळे दिवस काढून टाकले.

पद्धत कच्च्या तेलाच्या फ्युचर्सवरही, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या करारांवरही, चालवून पाहायची होती, तेव्हा वेगळाच धडा मिळाला. फ्युचर्सचा सलग इतिहास बाजारात कुठेच नसतो. एक्सपायरी होणारे, म्हणजे ठरल्या तारखेला संपणारे, करार एकापुढे एक जोडून तो कुणीतरी तयार करतो. २० एप्रिल २०२० ला डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा करार उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्याच दिवशी जूनचा करार अधिक २०.४३ वर होता. जो एक्सपायरीच्या तोंडाशी करार बदलतो त्याच्या सलग फाइलीत तो उणे भाव आहे. जो व्हॉल्यूम पुढच्या करारात सरकला की बदलतो त्याच्या फाइलीत त्या दिवशी भाव शून्याखाली गेलाच नाही. शिवाय उणे भाव आला की टक्केवारीतला परतावा निरर्थक होतो आणि लॉगरिदम तर काढताच येत नाही. मी जोडलेली फाइल टाकून दिली, प्रत्येक कराराचे सुटे भाव घेतले आणि करार बदलण्याचा दिवस माझ्या नियमांतच लिहिला. प्रत्यक्षात पैसे लावताना तो दिवस मलाच ठरवायचा असतो, मग तपासतानाही तो माझाच असायला हवा.

इतकं करूनही रोजच्या भावांतून एक गोष्ट निघतच नाही. दिवसाचा उच्चांक आधी आला की नीचांक, हे चार आकडे सांगत नाहीत. एकाच दिवशी स्टॉप लॉसही लागला आणि टार्गेटही, अशा दिवशी बॅकटेस्ट करणारी प्रणाली स्वतःच्या मर्जीने एक निवडते, आणि ती टार्गेटही निवडू शकते. असे दिवस वेगळे काढून मी त्यांचे मिनिटांचे भाव आणले. तिथे पुन्हा वेळेचा प्रश्न आला: १०.०० असा शिक्का असलेली कॅन्डल (त्या मिनिटाच्या चार भावांची नोंद) १० ला सुरू होते की १० ला संपते? बाजार साडेनऊला उघडतो. पहिल्या कॅन्डलवर ९.३० आहे की ९.३१, एवढं पाहिलं की उत्तर मिळतं. फाइल युनिव्हर्सल टाइममध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात त्या आठवड्यांत पहिली कॅन्डल एक तासाने सरकलेली दिसते, तीही जागेवर आणली. जिथे मिनिटांचे भाव मिळालेच नाहीत तिथे स्टॉप लॉस आधी लागला असं धरलं. वाईट बाजू धरून पद्धत तगली तरच ती माझ्या उपयोगाची.

आता दर महिन्याला नवी फाइल उतरवली की ती जुन्या प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहतो. शेवटी जोडलेले नवे दिवस सोडले तर कच्च्या भावांत काहीही बदलता कामा नये. बदललं तर का, हे विकणाऱ्याने सांगायला हवं. या महिन्यात दिवाळखोरीत गेलेल्या एका कंपनीचा शेवटचा आठवडा नव्या फाइलीतून गायब होता. त्या ओळी विकणाऱ्याला पाठवल्या आहेत, आणि उत्तर येईपर्यंत त्या कंपनीपुरती जुनीच प्रत वापरतो आहे.